लेक्कोचं सेल्फ-गाइडेड हायकिंग पॅकेज: डोंगर एक नंबर, पॅकेज जेमतेम

आधी निकाल सांगून टाकतो, ज्याला वेळ आहे त्यानं पुढं निवांत वाचावं. इटलीत कोमो तळ्याच्या काठावर लेक्को म्हणून गाव आहे, तिथल्या डोंगरांत आपलं आपण फिरायचं पॅकेज घेतलं होतं. डोंगरांना पाचपैकी पाच, पॅकेजला दोन. आणि ते दोन पण हॉटेल स्टेशनपासून चालत जाण्याएवढं होतं आणि नाष्टा बरा होता म्हणून. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगं वाद नको, मुद्दा नावाचा नाहीच, असलं पॅकेज घेताना काय विचारायचं ते कळलं म्हणजे झालं. सोलापुरातनं दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकायलोय.

लेक्कोच का, तर भाचा तिथं शिकतोय. पॉलिटेक्निको दि मिलानोचा एक कॅम्पस लेक्कोला आहे, हे आम्हाला पण तो गेल्यावरच कळलं. त्याला सुट्टी फक्त शनिवार-रविवार, म्हणून बाकीच्या दिवसांसाठी आम्ही दोघं नवराबायको आपलं आपण फिरू, कुणीतरी सगळं लावून दिलेलं बरं, असा हिशोब करून पॅकेज घेतलं. पॅकेजमध्ये काय होतं: हॉटेल, नाष्टा, रोपवेची तिकिटं, रोजच्या वाटेची पीडीएफ, मोबाईलवर टाकायची जीपीएस फाईल आणि "चोवीस तास हेल्पलाइन". ऐकायला झकास वाटतं. त्यातलं हॉटेल सोडलं तर बाकीच्या बहुतेक गोष्टी तिथं गेल्यावर फुकट किंवा खिडकीवर मिळतात, आणि ज्या खरंच सांगायला पाहिजे होत्या त्या पीडीएफमध्ये नव्हत्याच. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते नीट कळायला डोंगर कसले आहेत ते कळायला पाहिजे.

आल्प्स म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर बर्फ येतो. लेक्कोचे डोंगर तसले नाहीत, ते आल्प्सच्या अलीकडचे, पो नदीचं सपाट मैदान जिथं संपतं तिथं एकदम उभे राहिलेले. प्री-आल्प्स म्हणतात त्यांना. मिलान सेंट्रालला तिरानोकडं जाणारी ट्रेन पकडली की पाऊण तासात लेक्को. अर्धा वेळ खिडकीतनं सपाट शेतं आणि कारखानेच दिसतात, आणि मग अचानक समोर पांढऱ्या दगडाची भिंत. उंची आकड्यांत सांगायची तर मोंते बार्रो ९२२ मीटर, रेसेगोने १८७५, ग्रिन्येत्ता म्हणजे दक्षिणेकडची ग्रिन्या २१८४, आणि तिची थोरली बहीण ग्रिन्योने २४१० च्या आसपास.

आता हे आकडे वाचून आपला माणूस काय म्हणतो? कळसूबाई १६४६ आहे, ती केलीय, मग रेसेगोने म्हणजे दोनशे-सव्वादोनशे मीटरच जास्त, त्यात काय बे! मित्रानं अगदी हेच म्हणलं मला, पार्क चौकात उभं राहून. पण कळसूबाईला आपण बारी गावातनं चढतो, आणि बारी गावच मुळात चांगलं उंचावर आहे. लेक्कोत तळ्याचं पाणी १९८ मीटरवर. म्हणजे तळ्याकाठी कॉफी पिऊन उठलात आणि रेसेगोनेच्या टोकाला चालत निघालात तर साडेसोळाशे मीटरचा उभा चढ, एका दमात. आपल्याकडं सह्याद्रीत नेहमीच्या एका दिवसाच्या ट्रेकला एवढं चढावं लागत नाही. डोंगराची उंची विचारायचीच नाही, चढ किती ते विचारायचं. पीडीएफमध्ये मात्र काय लिहिलेलं, "सोपा रूट, ८ किमी". फक्त किलोमीटर. चढाचा आकडाच नाही कुठं.

सोलापूरकराला किलोमीटर सांगून घाबरवता येत नाही हो. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारं गाव आहे हे, रात्रभर पंचेचाळीस किलोमीटर चालून सकाळी देवीच्या दर्शनाला उभी राहणारी माणसं. आठ किलोमीटर ऐकलं की आम्ही हसणारच. आमची अडचण चालायची नाही, चढायची आहे. गाव सपाट, तळ्याच्या बांधावर चढलं तरी आमच्यासाठी तो डोंगर. मांड्यांना चढाची सवयच नाही आणि उताराची तर त्याहून नाही. त्यामुळं ज्या पॅकेजनं अंतर सांगितलं आणि चढ लपवला त्यानं आपल्यासारख्या गिऱ्हाईकाला बरोब्बर उलटी माहिती दिली असं माझं मत आहे.

रेसेगोनेपासून सुरुवात करतो, कारण तोच डोंगर लेक्कोत कुठनंही मान वर केली की दिसतो. वरची धार करवतीच्या दात्यांसारखी, एकामागं एक सुळके. पॅकेजमध्ये पियानी देर्नाच्या रोपवेचं तिकीट धरलेलं. हा रोपवे गावाच्या वरच्या अंगाला वेर्सासिओहून निघतो, साधारण ६०० मीटरवरनं थेट १३०० च्या वर नेऊन सोडतो, म्हणजे सातशे मीटरचा चढ पाच-सहा मिनिटांत वाचतो. गुडघ्यांसाठी हा पैसा शंभर टक्के वसूल. फक्त कंपनीनं मेलवर पाठवलेलं "व्हाउचर" खिडकीवरच्या बाईंना काय आहे तेच कळेना, त्यांच्या सिस्टिममध्ये असलं काही नव्हतंच. त्यांनी बिचाऱ्यांनी दोनदा तपासलं. हेल्पलाइनला मेसेज केला, निळी टिक आली, उत्तर नाही. शेवटी भाच्यानं आपले पैसे काढून तिकिटं घेतली, पुढं दोन मिनिटांत आम्ही वर. म्हणजे बघा, जे तिकीट खिडकीवर दोन मिनिटांत मिळतं त्याचे पैसे आम्ही सहा आठवडे आधी भरून बसलो होतो.

वरच्या स्टेशनाबाहेर गवताचं मोकळं पठार, चार-दोन घरं, आणि कडेला गेलं की खाली लेक्को, तळं, पूल, सगळं. ज्याला चढायचं नाही त्यानं इथंच बसून डबा खाल्ला तरी ट्रिप वसूल आहे, सासू-सासऱ्यांना घेऊन जायला ही जागा बेस्ट. इथनं टोकापर्यंत अडीच तास धरा, आपल्या गतीनं तीन. सुरुवातीला झाडी, सावली, मजेत गप्पा मारत जाता येतं. मग झाडी संपते आणि पांढऱ्या दगडगोट्यांची उभी घळ लागते, एक पाऊल टाकलं की अर्धं खाली घसरतं. मिसेस म्हणाल्या, "हे सोपं आहे? मग अवघड काय असतं ह्यांच्यात?" त्याच वेळी खालनं एक आजी आल्या, सत्तरीच्या पुढच्या नक्की, हाफ पँट, दोन्ही हातांत काठ्या, आम्हाला "सालवे" म्हणून ओलांडून पुढं गेल्या, आणि आम्ही टोकावर पोचलो तेव्हा त्या सूप संपवून खाली निघाल्या होत्या. लेक्कोच्या लोकांचं हे असंच आहे. रिकार्दो कासिनसारखा गिर्यारोहक ह्याच गावात राहिला, ह्याच ग्रिन्याच्या सुळक्यांवर शिकला, आणि १९४६ पासून गावात "रान्यी दि लेक्को" नावाचा चढणाऱ्यांचा ग्रुप आहे. त्यांच्या "सोपं" ह्या मोजमापात आपण बसत नाही, एवढं आधी समजून घ्या.

टोकाला पुंता चेर्मेनाती म्हणतात, मोठ्ठा लोखंडी क्रूस, आणि त्याच्या जरा खाली आत्सोनी नावाचं रिफ्युजिओ. रिफ्युजिओ म्हणजे डोंगरावरचं राहायचं-खायचं घर, त्यावर नंतर लिहितो. नजारा काय सांगू. एका बाजूला तळ्याचा निळा फाटा आणि त्याच्या पलीकडं ग्रिन्या, दुसऱ्या बाजूला ब्रियान्त्सा भागातली छोटी छोटी तळी, आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला मोंते रोझाचा बर्फ. दक्षिणेला मैदान, एकदम सपाट, सपाट म्हणजे आपल्याकडं मोहोळकडं जाताना असतं तेवढं सपाट. पाठीमागं वाल तालेज्जो, म्हणजे तालेज्जो चीज जिथलं ती दरी.

"हवा स्वच्छ असेल तर" हे लै महत्त्वाचं आहे आणि हे पण पीडीएफमध्ये नव्हतं. मैदानाकडनं येणारी दमट हवा उन्हाळ्यात अशी साचते की खाली गाव सोडून लांबचं काहीच दिसत नाही, सगळं दुधाळ. आम्हाला एक दिवस असा मिळाला. मग रात्री जोरात उत्तरेचा वारा सुटला आणि दुसऱ्या दिवशी काच पुसल्यागत. तिथं तळ्यावर वाऱ्यांना नावं पण आहेत, सकाळी उत्तरेकडनं येतो तो तिवानो आणि दुपारी दक्षिणेकडनं येतो तो ब्रेवा. व्ह्यूपॉइंटसाठीच जाणार असाल तर पॅकेजचा ठरलेला क्रम पाळू नका, वारा बघा आणि मग ठरवा, पाऊस पडून गेल्यावरचा दिवस सगळ्यात उंच डोंगराला ठेवा. आणि उन्हाळ्यात दुपारनंतर ढग गडगडायला लागतात, धारेवर असाल तर वीज म्हणजे चेष्टा नाही, म्हणून एक-दीडपर्यंत टोक सोडलेलं बरं.

आता ग्रिन्येत्ताची गोष्ट, जिथं पॅकेजचा एक स्टार माझ्याकडनं कायमचा गेला.

लेक्कोच्या वर पियानी देई रेसिनेल्ली म्हणून वस्ती आहे, १२७० मीटरच्या आसपास, बसनं जाता येतं पण बस कमी असतात, परतीची वेळ आधी फोटो काढून ठेवा. तिथनं ग्रिन्येत्ताचं टोक नऊशे मीटर वर. नेहमीची वाट चेर्मेनाती धारेनं जाते (रेसेगोनेच्या टोकाचं नाव तसंच आहे, पण ही धार वेगळी). पीडीएफमध्ये लिहिलेलं "क्लासिक पॅनोरमा ट्रेल, मध्यम". शनिवार होता म्हणून भाचा बरोबर होता, नशीब. जीपीएस फाईल उघडून आम्ही चालायला लागलो आणि एका फाट्यावर फाईल म्हणते डावीकडं, आणि तिथं खांबावर पाटी. इटलीत डोंगरात सगळीकडं ह्या पाट्या असतात, पांढऱ्या, टोकाला लाल, त्यावर ठिकाणाचं नाव, वाटेचा नंबर आणि लागणारा वेळ. भाचा थांबला आणि म्हणाला, "मामा, इथं ईईए लिहिलंय." मी म्हणलं, काय भानगड? मग त्यानं समजावलं ते इथं देतो, कारण अख्ख्या पॅकेजपेक्षा ही एक माहिती जास्त कामाची निघाली.

इटलीचा अल्पाइन क्लब, म्हणजे काई, १८६३ पासूनची संस्था, त्यांनी वाटांना अक्षरं दिलेली आहेत. टी म्हणजे टुरिस्ट, कुणीही जावं. ई म्हणजे ज्याला डोंगरात चालायची सवय आहे त्यानं. ईई म्हणजे अनुभवी माणसांनी, जिथं उभा उतार, घसरडं, कडेला दरी. आणि ईईए म्हणजे साखळदंड, लोखंडी शिड्या, तारा, तिथं हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) आणि हेल्मेट घालूनच जायचं. ती डावीकडची वाट दिरेत्तिस्सिमा होती, दगडांच्या सुळक्यांमधनं साखळ्या धरून जाणारी. सुंदर आहे म्हणे, लोक खास तिच्यासाठी येतात, पण हार्नेस घालून. कंपनीनं हीच वाट "मध्यम" म्हणून एका पन्नाशीच्या जोडप्याच्या मोबाईलवर टाकून दिलेली. कुणीतरी ऑनलाइन पडलेली फाईल उचलून चिकटवलीय हे उघड आहे, स्वतः चालून बघितलं असतं तर असं झालंच नसतं. मी तिथंच हेल्पलाइनला फोटो पाठवला. उत्तर संध्याकाळी आलं: "प्लीज फॉलो लोकल साइनेज". वा रे वा! मग लोकल साइनेजच फॉलो करायचं होतं तर तुम्हाला पैसे कशाला दिले?

मिसेसनी तिथंच ठरवलं की आज टोक नाही. आम्ही पार्को वालेंतीनोत गेलो, रेसिनेल्लीतच आहे, बीच नावाच्या झाडांची दाट राई, सरळ रुंद वाट, आणि शेवटी कड्यावर बांधलेला बेलवेदेरे म्हणजे सज्जा. खाली हजार मीटर खोल तळं, बोटीच्या पांढऱ्या रेघा, समोर कोर्नी दि कान्झो, १३७३ मीटरपर्यंतचे दोन-तीन सुळके. खाली बघितलं की पोटात गोळा येतोच. ह्या जागेला चढ जवळपास नाहीच, आणि पीडीएफमध्ये तिचं नावसुद्धा नाही! कमाल आहे ना. भाचा नंतर आपल्या मित्रांबरोबर चेर्मेनाती धारेनं ग्रिन्येत्तावर जाऊन आला, वर अगदी टोकावर पत्र्याची एक छोटी, पायांवर उभी केलेली चकचकीत खोली आहे, बिवाक्को फेर्रारिओ, अडकलेल्यांना रात्र काढायला. फोटो बघून मिसेस म्हणाल्या, बरं झालं गेलो नाही.

मोंते बार्रो पटकन सांगतो. ९२२ मीटर, गल्बियातेच्या बाजूनं वाट, निवांत. १९८३ पासून तो अख्खा डोंगर संरक्षित पार्क आहे. वर गॉथ नावाच्या जुन्या जर्मन टोळीच्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या वस्तीचे पाये उकरून काढलेले आहेत, भुईकोट किल्ल्यात रोज फिरायला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना असलं काही दिसलं की पाय थांबतातच. लेक्को पाहायला सगळ्यात भारी जागा हीच, कारण इथनं रेसेगोने आणि ग्रिन्या दोन्ही समोर उभे दिसतात आणि मध्ये तळं. पहिल्या दिवशी इथं जा. पॅकेजनं शेवटच्या दिवशी ठेवलेला, का ते देवाला माहीत.

आणि ज्या दिवशी पाय बोलत होते त्या दिवशी सेंतिएरो देल वियान्दान्ते. तळ्याच्या पूर्व काठानं जुनी पायवाट आहे, लेक्कोच्या बाजूनं कोलिकोपर्यंत साधारण पंचेचाळीस किलोमीटर. पंचेचाळीस म्हणलं की आमच्या मिसेसना लगेच तुळजापूर आठवलं. पण इथं सोय अशी की खाली काठाकाठानं रेल्वे आहे, अब्बादिया, मांदेल्लो, लिएर्ना, वारेन्ना, बेल्लानो, देर्विओ, प्रत्येक गावाला स्टेशन, दमला की उतरायचं आणि ट्रेन पकडायची. आम्ही वारेन्ना ते बेल्लानो केलं, वर वेझिओचा किल्ला, ऑलिव्हची झाडं, दगडी पायऱ्या, आणि बेल्लानोला नदीनं कापलेली अरुंद घळ आहे, ओर्रिदो, ती तिकीट काढून आतनं बघता येते. हा दिवस पॅकेजमध्ये "लक्झरी लेक वॉक" म्हणून वेगळे पैसे लावून विकतात! पायवाट फुकट, ट्रेन लोकलची. येताना मांदेल्लोला उतरलो, कारण मोटो गुझ्झीचा कारखाना १९२१ पासून तिथंच आहे आणि मला गाड्यांचा नाद आहे, ते जाऊ द्या, त्यावर वेगळं लिहावं लागेल. ट्रेनची एक सूचना मात्र: कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचा, नाही मारला तर टीसी दंड लावतो, तिकीट हातात असलं तरी.

रिफ्युजिओचं सांगतो म्हणलं होतं. डोंगरावर ठिकठिकाणी ही घरं आहेत, काही क्लबची, काही खाजगी. ग्रिन्योनेच्या तर अगदी टोकावर आहे, ब्रिओस्की. जेवण गरम, भरपूर, आणि शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, ही माझी सगळ्यात मोठी भीती होती ती फिटली. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं, त्यावर वितळलेलं चीज. तारान्या पोलेंतात कुट्टूचं पीठ आणि लोणी-चीज आतच घोटलेलं असतं, ती जास्त चवदार. पण आपल्या जिभेला सगळं मवाळ. आम्ही शेंगा चटणीची पुडी नेली होती, ती उघडली, पोलेंतावर भुरभुरवली आणि मग जेवण लागलं. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वास घेऊन विचारलं, काय आहे, चमचाभर दिली, एकानं पाणी प्यायला आणि दुसऱ्यानं अजून मागितली. चटणी, कडक भाकरी बिनधास्त न्या, पण पेढे, तूप, चीज, मांसाचं काही नेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरनं युरोपात न्यायला बंदी आहे. रिफ्युजिओत रोख पैसे ठेवा, राहणार असाल तर झोपायची आपली चादर-पिशवी लागते, बूट दारात काढायचे. हंगाम सोडून गेलात तर आधी फोन करून उघडं आहे का विचारा.

पाण्याचं नीट ऐका. आपल्या सह्याद्रीत काळा बेसॉल्ट, गडावर खोदलेली टाकी, पाणी मिळतंच कुठंतरी. ग्रिन्या आणि रेसेगोने चुनखडीचे, पाऊस पडला की पाणी सरळ भेगांतनं आत जातं, आत गुहाच गुहा, वर थेंब नाही. नकाशावर झरा दिसला म्हणून भरवसा ठेवायचा नाही. माणशी दोन लिटर खालनं भरून न्यायचं, गावातल्या नळाचं पाणी चांगलं असतं, फक्त "नोन पोताबिले" लिहिलं असेल ते प्यायचं नाही. आम्ही सोलापूरचे, बाटली भरून ठेवायची सवय रक्तातच आहे, पाणी चार-पाच दिवसांआड बघितलेली माणसं, त्यामुळं इथं आमचं काही अडलं नाही. दुसरं, हाच चुनखडीचा दगड जिथं हजारो पायांनी घासलाय तिथं गुळगुळीत झालेला असतो आणि ओला झाला की पाय राहत नाही. स्पोर्ट शूज घालून जाऊ नका. खोल खाचांचा रबरी सोल पाहिजे. गंमत म्हणजे तसला सोल आला तोच ह्या भागातनं, मिलानच्या विताले ब्रामानी नावाच्या गिर्यारोहकानं १९३७ मध्ये काढला, १९३५ साली पुंता रासिका शिखरावर त्याच्याबरोबरची सहा माणसं दगावली त्यानंतर. व्हिब्राम हे नाव त्याच्याच नावातनं. बूट इथनंच घेऊन, पायात मुरवून न्या, तिथं जाऊन नवे घातले तर फोड ठरलेले.

सराव कसा केला असं पण विचारतात. जिने. आमच्या अपार्टमेंटचे चार मजले, पाठीवर पाण्याच्या बाटल्या घालून, सकाळी सहाला, कारण आठनंतर सोलापुरात मे महिन्यात जिन्यात पण भाजतं. वॉचमनला वाटलं लिफ्ट बंद पडलीय. उतरताना जास्त लक्ष द्या, गुडघे तिथं जातात, आणि काठ्या दोन घ्या, एक नको.

विम्याबद्दल. शेंगेन व्हिसाला किमान तीस हजार युरोचा मेडिकल विमा लागतोच, तो सगळे काढतात, पण त्यात डोंगरात चालणं धरलंय का ते बारीक अक्षरांत बघा, काहींत अमुक उंचीच्या वर नाही असं असतं. लोम्बार्दीत तुम्ही जखमी नसताना, नुसतं दमलो, वाट चुकली म्हणून हेलिकॉप्टर बोलावलं तर खर्चाचा वाटा भरावा लागतो. इमर्जन्सी नंबर ११२. तिथं "व्हेअर आर यू" नावाचं अॅप आहे, त्यातनं ११२ ला कॉल केला की तुमची जागा आपोआप त्यांना कळते, निघायच्या आधी टाकून घ्या. कंपनीच्या हेल्पलाइनपेक्षा हे अॅप बरं.

मग पॅकेज घ्यायचं का? तुमच्याबरोबर कुणी मोबाईलवर तिकीट काढणारं असेल तर नका घेऊ. लेक्कोत स्टेशनजवळ खोली घ्या, ट्रेन-बस आपली आपण, वाटा पाटीवर वाचून. घरात वयस्कर मंडळी असतील, भाषेची भीती असेल, कुणीतरी पाठीशी पाहिजेच असेल तर घ्या, पण पैसे भरायच्या आधी लेखी विचारा: प्रत्येक दिवसाचा चढ किती मीटर, उतार किती, वाटेचं अक्षर काय, टी का ई का ईई, तुमच्यातलं कोण ती वाट स्वतः चाललंय, आणि ढगाळ असेल तर दिवस बदलता येतो का. उत्तरात नुसते किलोमीटर आले की फोन ठेवून द्या. आणि ग्रिन्येत्ता करायचाच असेल तर पॅकेजऐवजी एक दिवसाचा लायसन्सवाला माउंटन गाइड घ्या, इटलीत त्याची सरकारी नोंदणी असते, पैसे तिथं घाला.

महिने मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. मे मध्ये ग्रिन्यांच्या घळींत बर्फ उरलेला असू शकतो. ऑगस्टमध्ये मिलान अख्खं तिथं येतं.

कंपनीला मी आल्यावर सगळं लिहून पाठवलं, फोटोसकट, त्या ईईएच्या पाटीचा फोटो पहिला लावला. रोपवेचे पैसे परत आले, ते मान्य केलं पाहिजे, महिन्याभरानं का होईना. ग्रिन्येत्ताच्या फाईलबद्दल "टीमला कळवलंय" एवढंच उत्तर. परवा ओळखीच्या एकांनी तेच पॅकेज घ्यायचं म्हणून पीडीएफ मला फॉरवर्ड केली. उघडून बघितली, वाट तीच, "मध्यम" तेच. त्यांना मी फोन करून ती फाईल मोबाईलमधनं उडवायला लावली आणि चेर्मेनाती धारेचा नंबर पाटीवर बघून जायला सांगितलं.